पार्टनरची पुडी

"तुम्ही स्वतः बसता का भट्टीपाशी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"न्हाई," मी म्हणाले. "मी भट्टी बघितलेलीसुद्धा न्हाई."

"मग भट्टीची उष्णता तुम्हाला कशी झाली?"

सात वर्षं मी उष्णतेवर इलाज करत होते आणि एवढा साधा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मीही कुणाला विचारला नव्हता.

आमची वाडी सांगलीकडच्या खानापूर तालुक्यातली. आमच्याकडचे पुरुष गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या. त्यापायी ते देशभर पांगलेले. जिथं म्हणून सराफांची गल्ली आहे, तिथं आमच्यातला कुणीतरी भट्टी पेटवून बसलेला असतोच. बायका मात्र वाडीत. घरं पक्की, वर गच्ची, पुढं लोखंडी गेट आणि आत सासू-सून. पुरुष येणार वर्षातून दोनदा, दिवाळीला आणि नाथाच्या जत्रेला. तेजाबानं पिवळी पडलेली बोटं बघून एस. टी. स्टँडवरच्या गर्दीतही आपला माणूस ओळखू यायचा. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, पण मी आता घेते. माझ्या नवऱ्याचं नाव जालिंदर, आणि त्याचं दुकान गुंटूरला.

पुरुषांना भट्टीची उष्णता व्हायची. तोंड आलं, केस गळाले, लघवीला जळजळ झाली, सगळं भट्टीच्या नावावर. जळजळीला आमच्याकडं उन्हाळी लागली म्हणतात. मग जत्रा करून ते परत गेले की महिन्याभरात वाडीतल्या कुणा ना कुणा बाईलाही उष्णता व्हायची. अंगावरून पांढरं जायचं, ओटीपोट दुखायचं, ताप भरायचा. की सब्जा भिजत घाला, धण्या-जिऱ्याचं पाणी प्या. भट्टी गुंटूरला आणि उष्णता आमच्या वाडीत, मधल्या एवढ्या मुलखात ती कुणाला लागत नव्हती, आणि याचं आम्हाला कधी नवल वाटलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी माझी एक्स-रे फिल्म खिडकीकडं धरली. तालुक्याच्या गावी त्यांचा नवाच दवाखाना होता. फिल्मवर मधे एक पांढरा त्रिकोण दिसत होता आणि त्याच्या दोन्ही टोकांना काहीच नव्हतं.

"इथून दोन नळ्या निघतात," त्या म्हणाल्या. "औषध त्यांच्यातून पुढे जायला हवं होतं. गेलं नाही. दोन्ही नळ्या बंद आहेत, शालनताई. मूल न राहण्याचं कारण हेच."

"गोळ्यांनी उघडतील?"

"आता नाही. मधे कधी पोटात फार दुखलं होतं? तापाबरोबर?"

दुखलं होतं. लग्नानंतरची दुसरी जत्रा करून जालिंदर परत गेला आणि पाठोपाठ मी पडले. कमरेखाली कुणी मुसळानं कांडतंय असं व्हायचं. आत्तींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पोटावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवल्या, सब्जाचं पाणी पाजलं, जागरणं केली. वाईट वागल्या असं मी म्हणणार नाही. त्यांना जे ठाऊक होतं ते सगळं त्यांनी केलं.

डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. मग खुर्ची जवळ ओढली आणि सावकाश सांगितलं. हा आजार उन्हानं होत नाही, तिखटानं होत नाही आणि भट्टीनं तर मुळीच नाही. एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो, तो शरीरसंबंधातून. पुरुषाला बहुतेक वेळा जळजळ होते, पू येतो, तो घाबरून डॉक्टर गाठतो आणि बरा होतो. बाईला सुरुवातीला काही कळेलच असं नाही. कळतं तेव्हा तो आत पसरलेला असतो.

"एका ताटात जेवल्यावर? कापडं एकत्र धुतल्यावर?"

"नाही. एकत्र जेवा, एक साबण वापरा, काही होत नाही. वाट एकच."

"म्हंजे हा गुप्तरोग."

"लोक म्हणतात तसं."

गुप्तरोग हा शब्द मी स्टँडच्या भिंतीवर वाचला होता. एकदाच भेटा, खात्रीशीर इलाज. शेजारी कपाळाला हात लावून बसलेल्या मिशीवाल्या माणसाचं चित्र. त्या चित्रात बाई कधीच नसायची, त्यामुळं हा पुरुषांचाच आजार असणार, अशी माझी समजूत.

"तो माझ्याकडनं कशावरून आला नसंल?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"कुणाकडून कुणाला, हे फिल्म सांगत नाही," त्या म्हणाल्या. "तुमचं तुम्हाला माहीत असणार."

माझं मला माहीत होतं. मी वाडी सोडून फार तर माहेरी जात होते.

"त्याच वेळी दोघांनी जोडीनं गोळ्या घेतल्या असत्या, तर बहुतेक नळ्या वाचल्या असत्या," त्या म्हणाल्या. "साध्या गोळ्या असतात. पण एकट्यानं घेऊन भागत नाही. दोघांनी घ्याव्या लागतात. तुमच्या यजमानांनी कधी घेतल्याचं आठवतं?"

"मला न्हाई ठावं."

तुमचं रक्त तपासलंय, दुसरे तसले आजार नाहीत, असंही त्यांनी सांगितलं. यजमानांना घेऊन या म्हणाल्या. पुण्याला मुलासाठी काही वेगळे उपाय असतात म्हणाल्या, पण ते माझ्या कानात शिरलं नाही. मी त्यांच्या टेबलावरचा काचेचा पेपरवेट बघत होते. त्यात एक हिरवं पान अडकलेलं होतं. तेवढं मला आजही जसंच्या तसं आठवतं.

रडू आलं नाही. एस. टी.त बसले, बांगड्या भरायला गेले होते असं घरी सांगायचं होतं म्हणून स्टँडवर डझनभर भरून घेतल्या, आणि घरी आले. दातांचा डॉक्टर सुई मारतो आणि मग आपलाच गाल आपल्याला परका लागतो ना, तसं सगळं अंग झालं होतं.

मी दवाखान्यात का गेले होते, ते सांगायला हवं. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे मटणाच्या दिवशी, आमच्याकडं पाहुणे यायचे होते. आनंदातात्या. त्यांची भाची जालिंदरला करून घ्यायची असं आत्तींनी मनात धरलं होतं. पहिलीला मूल नाही म्हणून दुसरी, हे आमच्याकडं तेव्हा कुणी कायद्याच्या पुस्तकात बघून ठरवत नसे. पण आनंदातात्यांची एक अट होती. पहिलीनं आपल्या तोंडानं सांगितलं पाहिजे, माझी हरकत नाही. उद्या भाचीच्या संसारात कटकट नको.

"तेवढं एक वाक्य म्हण," आत्ती मला म्हणाल्या होत्या. "तुला कोण काढून लावतंय? तूच थोरली ऱ्हाशील. तिची पोरं तुलाच आई म्हंतील."

त्या वाक्याच्या आधी एखादी गोळी मिळावी, एखादं इंजेक्शन मिळावं, दोनचार महिने तरी आत्तींना थोपवून धरता यावं, म्हणून मी गेले होते. आता थोपवायलाही काही उरलं नव्हतं. जेवणं झाली की मला ते वाक्य म्हणायचं होतं आणि पुढं जन्मभर आपल्याच घरात थोरली म्हणून राहायचं होतं. वाक्य अवघड नव्हतं. मी ते चुलीपाशी मनात म्हणूनही बघितलं, आणि काही वाटलं नाही.

मटणाच्या दिवशी पहिली पंगत पुढच्या सोप्यात बसली. भिंतीशी आनंदातात्या, पांढरा शर्ट, पिवळी बोटं. त्यांचंही दुकान होतं, सेलमला. त्यांच्या शेजारी जालिंदर आणि समोर पोपट. पोपट म्हणजे जालिंदरचा पार्टनर.

आमच्या वाडीत शाळेचं तोंड न बघितलेल्या म्हातारीलाही एक इंग्रजी शब्द येतो, तो पार्टनर. दुकान एकट्याचं नसतंच. एक भट्टी सांभाळतो, एक सराफांकडं फिरतो. एकाच खोलीत झोपायचं, एकाच स्टोव्हवर शिजवायचं. बायको वर्षात महिनाभर दिसते, पार्टनर उरलेलं वर्षभर. पार्टनरच्या आईला औषध लागलं तर आपण धाडायचं, पार्टनरच्या बहिणीचं लग्न असलं तर आपण आधी पोचायचं. पोपट मला वहिनी म्हणायचा आणि खरंच मानायचा. प्रत्येक जत्रेला माझ्यासाठी तिकडची काळी पोत नाहीतर लोणच्याची बरणी आणायचा. मनानं साफ, फक्त तोंडाला झाकण नाही.

त्या दिवशी पाहुण्यांना हसवायचं काम त्यानं आपल्याकडं घेतलं होतं.

"तात्या, आमच्या दादासारखा पार्टनर हुडकून सापडायचा न्हाई," तो भाकरी चुरत म्हणाला. "सोताला दुखलं तरी औषध मला चारणार."

"ते कसं?" आनंदातात्या म्हणाले.

"दादाला लागली उन्हाळी. भट्टीपाशी बसून कुणाला लागत न्हाई? पर ह्यो घाबरला. गेला डॉक्टरकडं. डॉक्टर तेलुगू, बोलणार हिंदी. त्यानं दोन पुड्या बांधल्या. म्हणाला, एक तुम्हारा, एक पार्टनर का. पार्टनर को भी खिलाना, भूलना मत."

"बरं?"

"बरं काय? मी चांगला मांडी घालून भात खातूय. ह्यो आला, पुडी माझ्या पानाजवळ ठेवली. म्हणाला, खा. म्हटलं, मला काय झालंय? म्हणाला, डॉक्टरचा हुकूम हाय, पार्टनरनं खायाच पायजे. एका भट्टीपाशी बसतूय आपण, आज मला, उद्या तुला. आता पार्टनरचा शब्द कसा मोडायचा? खाल्ल्या बापड्यानं. आवो, आठ दिस नुसत्या ताकावर होतो. उन्हाळी दादाची आणि पोट माझं गेलं."

आनंदातात्यांना ठसका लागेपर्यंत हसू आलं. आत्ती आतून पदर तोंडाला लावून हसत होत्या. जालिंदर खाली मान घालून हाड चोखत होता. तो हसला नाही, पण तो तसाही कमीच हसायचा.

माझ्या हातात रश्शाचं पातेलं होतं. मी पोपटाच्या ताटापाशी थांबले होते आणि पळी पातेल्यातच होती.

"भाऊजी, ही कवाची गोष्ट?" मी विचारलं.

"लई वर्सं झाली, वैनी. तुमच्या लग्नानंतरची दुसरी जत्रा न्हाई का? ती करून परत गेलो, त्याच महिन्यात."

"मी तवा आजारी होते."

"व्हय की. पत्र आलं होतं आत्याबाईंचं. तुमाला बी उष्णता झालीय म्हणून. आमी वाचून म्हटलं बी, काय ही उष्णता, इकडं बी आणि तिकडं बी."

"गोळ्या कसल्या होत्या?"

"आता काय आठवतंय? मोठ्या होत्या, पांढऱ्या. घशात अडकायच्या." पोपटाला अजून कळलं नव्हतं. तो हसतच होता. "का वो? तुमाला पायजे होत्या का?"

यापुढचं मी ठरवून बोलले नाही. धीर गोळा केला, मन घट्ट केलं, असं काही झालं नाही. त्या दिवशी माझ्याकडं मन म्हणून काही जागेवर होतं असं मला आठवतच नाही. पळीभर रस्सा पोपटाच्या ताटात वाढला आणि बोलले.

"ती पुडी माझी होती, भाऊजी."

पोपटाचा हात ताटातच राहिला. तो आधी माझ्याकडं बघून हसला, मग जालिंदरकडं बघितलं, आणि मग त्याचं हसू हळूहळू उतरलं. त्याला ते एकदम कळलं नाही, टप्प्याटप्प्यानं कळलं, आणि शेवटच्या टप्प्याला त्यानं कानापर्यंत लाल होऊन मान खाली घातली.

आनंदातात्यांना मात्र एका दमात कळलं. ते स्वतः गलाईवाले, तीस वर्षं सेलमला काढलेली. दोन पुड्या कशाच्या असतात आणि डॉक्टर कुणाला पार्टनर म्हणतो, हे त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी घास ताटात परत ठेवला.

"पोरी," ते म्हणाले, "तुला कुणी सांगितलं हे?"

"डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला पोटाचा. दोन्ही नळ्या बुजल्यात. त्या महिन्यात आमी दोघांनी गोळ्या खाल्ल्या असत्या, तर बुजल्या नसत्या म्हणाल्या." मग मला आठवलं की मला एक वाक्य म्हणायचं होतं. "तुमची भाची आणायला माझी हरकत न्हाई, तात्या. फकस्त तिला हे सांगून आणा."

आनंदातात्या उठले. मोरीवर जाऊन त्यांनी हात धुतले, पुष्कळ वेळ धुतले. जालिंदरच्या जवळून जाताना क्षणभर थांबले. मग चपला घालून गेटबाहेर पडले. बाहेर जत्रेचा लाउडस्पीकर चालू होता, कुणाची तरी हरवलेली पोरगी देवळापाशी आहे, घेऊन जावी, असं सांगत होता.

दुसरी पंगत बसलीच नाही.

मी मागच्या अंगणात भांडी घासायला बसले. भांडी होतीच, ती काही माझ्यासाठी थांबणार नव्हती. थोड्या वेळानं जालिंदर आला आणि पेरूच्या झाडापाशी उभा राहिला.

"पाव्हण्याफुडं बोलायची गरज होती?"

मी पातेल्याला राख लावत होते. ती लावत राहिले.

"डॉक्टर पार्टनर म्हणाला," तो म्हणाला. "सगळी वाडी पार्टनर कुणाला म्हंती? मला वाटलं, दुकानातला."

हे मी सोडून दिलं असतं. खरंच सोडून दिलं असतं. त्या शब्दानं फसावं असाच तो शब्द होता, आणि आमच्या वाडीतले दहा जण तरी फसले असते. पण नऊ वर्षं मी या माणसाचा आवाज ऐकत होते, वर्षातून महिनाभर का होईना. खोटं बोलताना तो शेवटचा शब्द गिळायचा.

"तुमी इचारलं न्हाई त्याला? पार्टनर म्हंजे कोण?"

त्यानं झाडाचं एक पान तोडलं, चुरगाळलं.

"इचारलं," तो म्हणाला.

"मग?"

"घरवाली, म्हणाला."

पातेलं घासून झालं होतं. मी दुसरं घेतलं.

"आगं, धाडायच्या कशा?" जालिंदरचा आवाज आता खाली आला होता. "कुणाच्या हाती? पोष्टानं आल्या असत्या तर पत्र आई वाचून घेती दुसऱ्याकडनं. काय लिवायचं, कशाच्या गोळ्या? तू काय म्हणाली असतीस? मला वाटलं, तुला काय झालं नसंल. बाईमाणसाला होत न्हाई, असं म्हणायचं कोण कोण."

"पत्र आलं होतं की. मी पडलीय म्हणून."

"तवा पुडी संपली होती."

"पोपटभाऊजींना काय झालं होतं? त्यांना कशाला चारली?"

यावर त्यानं जे सांगितलं, ते त्यानं खोटं सांगितलं नाही, एवढं मी त्याच्या बाजूनं सांगते. शेवटचा शब्दही त्यानं गिळला नाही.

"चांगलं औषध होतं," तो म्हणाला. "फेकून द्यायचं जिवावर आलं."

मला राग यायला हवा होता. तो आला, पण पुष्कळ वर्षांनी, एका भलत्याच दुपारी गवारी मोडताना आला, आणि तेव्हा घरात कुणी नव्हतं. त्या दिवशी मी फक्त एवढंच बघितलं की राख संपत आलीय आणि चुलीतून आणखी आणायला हवी. म्हणून मागं वळले, तर दारात आत्ती उभ्या. हातात खरकट्याची बादली. किती वेळ उभ्या होत्या, ठाऊक नाही.

मला वाटलं, आता माझी काही धडगत नाही. पाहुण्यासमोर घराची अब्रू गेली होती, आणि अब्रूच्या बाबतीत आत्ती कुणाचं ऐकून घेत नसत. पण त्या माझ्याकडं बघतच नव्हत्या. लेकाकडंही नाही. भिंतीवर सासऱ्यांचा हार घातलेला फोटो असायचा, तो पुढच्या सोप्यात होता, इथं नव्हता. तरी त्या तो बघतायत असं वाटत होतं.

"जालिंदर, तू भाईर जा," त्या म्हणाल्या.

तो गेला. त्यांनी बादली खाली ठेवली आणि धुण्याच्या दगडावर टेकल्या. मी राख आणली. मी दोन ताटं घासली.

"तुझ्या सासऱ्याला बी उन्हाळी लागायची," शेवटी त्या म्हणाल्या. "दर जत्रेला. मी म्हणायची, भट्टीपाशी बसून रगात आटवत्यात आमच्यासाठी."

मी घासायची थांबले.

"जालिंदर झाला. त्याच्या पाठीवर काय ऱ्हायलंच न्हाई. दोन पोटातच गेली. मग जायाची बी थांबली." त्यांनी पदराची किनार बोटाला गुंडाळली आणि सोडली. "माझ्या सासूनं बी मला सब्जाच पाजला. माझी सासू तर म्हणायची, हे आपल्या घराण्यातच हाय. बायकांच्या अंगात उष्णता."

"आत्ती," मी म्हणाले, आणि हातातलं ताट खाली ठेवलं.

"अजून दुखतं मला. कुणाला सांगती? म्हाताऱ्या बाईनं आता काय सांगायचं." मग त्या उठल्या, बादली उचलली, आणि दारातून वळून अगदी भाजी कुठल्या दुकानातून आणलीस अशा आवाजात विचारलं, "ती डागतरीनबाई कवा बसती गं?"

पुढचं थोडक्यात सांगते. आनंदातात्यांची भाची दुसरीकडं दिली, सांगलीतच, नोकरीवाल्याला. दुसरीचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही. आत्तींनीच काढू दिला नाही. जालिंदरनं तपासून घेतलं, गोळ्या घेतल्या, मीही घेतल्या, या वेळी एकाच दिवशी, एकाच तांब्यातल्या पाण्यानं. नळ्यांना त्याचा उपयोग नव्हता. मला मूल झालं नाही. जालिंदर अजून गुंटूरलाच असतो, जत्रेला येतो, आणि आम्ही एका घरात राहतो. पोपटानं दुकान वेगळं केलं. भांडून नाही, नुसतंच. वाटेत दिसला तर चप्पल काढल्यासारखा अदबीनं थांबतो, आणि पार्टनर हा शब्द माझ्यासमोर त्याच्या तोंडातून कधी आला नाही.

पण वाडीतल्या सुना विचारतात तेव्हा मी त्यांना हे काही सांगत बसत नाही. मी त्यांना त्या जत्रेनंतरच्या सोमवारचं सांगते.

सोमवारी मी आणि आत्ती तालुक्याला गेलो. आत्तींनी जत्रेची नवी साडी नेसली होती, कपाळाला कुंकवाची आडवी रेघ ओढणं सासरे गेल्यावर सुटलं होतं, तरी सवयीनं हात नुसताच कपाळावरून फिरवून घेतला. एस. टी.त त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. दवाखान्याच्या बाकड्यावर शेजारच्या बाईनं विचारलं, सुनेला दाखवायला आणलं का, तर त्यांनी मान हलवली, म्हणजे हो की नाही ते कुणालाच कळलं नाही.

आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी माझ्यासाठी खुर्ची पुढं केली. मी आत्तींना तिच्यावर बसवलं आणि मागं उभी राहिले.

"काय होतंय आजी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काय न्हाई," आत्ती सवयीनं म्हणाल्या. "उष्णता..."

आणि थांबल्या. त्यांनी मागं वळून माझ्याकडं बघितलं. चाळीस वर्षं तोंडात बसलेला शब्द होता, तो एवढ्यानं जाणार नव्हता. पण तो त्यांनी पुरा केला नाही. टेबलावर ते काचेचं वजन होतं, हिरव्या पानाचं. आत्तींनी ते बोटानं थोडं बाजूला सरकवलं, जागा करून घेतल्यासारखं, आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"भट्टी मी जन्मात बघितली न्हाई, बाई," त्या म्हणाल्या. "आता तुमी सांगा."